अंतराळपट: हिशेब चुकला, तिथेच गोष्टही फसली

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या शुक्रवारी प्रदर्शित झालेल्या अंतराळपटाचे परीक्षण आपल्या पुरवणीत वाचले. नाव घेऊन त्याची आणखी जाहिरात करायची इच्छा नाही. सध्या शहरातल्या निम्म्या पडद्यांवर तोच आहे. अभिनय आणि छायाचित्रण याबद्दल परीक्षणात जे म्हटले आहे ते पटण्यासारखे आहे. हरकत आहे ती चित्रपट विज्ञानाच्या कसोटीवर उतरतो या शेऱ्याला. काही शाळांनी मुलांसाठी सकाळचे खेळ आरक्षित करायला सुरुवात केली आहे, म्हणून हे पत्र.

विज्ञानकथेच्या जुन्या वाचकाला खोटे खपत नाही असा एक समज आहे. तसे मुळीच नाही. एक मोठी थाप तो आनंदाने पचवतो. प्रकाशापेक्षा वेगवान यान असो की काळात मागे नेणारे यंत्र, ‘बरं, मानलं’ म्हणून तो पुढे सरकतो. मात्र ती थाप सुरुवातीलाच सांगून टाकावी आणि बाकीचा हिशेब चोख ठेवावा. आपल्या दिवाळी अंकांतल्या बऱ्या विज्ञानकथांनी हे पथ्य सांभाळले आहे. या चित्रपटात मोठी थाप एकही नाही. काळ आजचा, यान आजचे, स्थानक पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर. म्हणजे सगळे आकडे माहितीतले, आणि घोळ नेमका तिथेच घातला आहे. चुकांपेक्षाही खुपते ते हे की प्रत्येक चुकीपायी एकेक चांगला प्रसंग हातचा गेला.

मधला पाठलागच घ्या. अवकाशातला कचरा आदळून स्थानक फुटते. नायिका छोट्या यानात बसते आणि त्याच कक्षेत ६०० किलोमीटर पुढे असलेल्या दुसऱ्या स्थानकाकडे निघते. यानाचे तोंड तिकडे, इंजिन पूर्ण जोरात, पाच मिनिटांत पोहोचलीसुद्धा.

कक्षेतला कारभार याच्या नेमका उलटा असतो. ४०० किलोमीटर उंचीवर वेग असतो सेकंदाला ७.६७ किलोमीटर, त्या वेगाने समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर दीड मिनिटात संपतील. पुढचे स्थानकही त्याच वेगाने पळते आहे. त्याला गाठायला आपण वेग वाढवला की यान वर चढते, त्याची कक्षा मोठी होते आणि फेरीला जास्त वेळ लागतो. तासा-दीड तासाने पाहावे तर स्थानक आधीपेक्षा लांब! पुढच्याला पकडायचे तर आधी ब्रेक मारायचा. यान उलटे फिरवून इंजिन प्रवासाच्या दिशेने पेटवायचे, वेग कमी करायचा आणि खाली उतरायचे. खालची फेरी लहान, आणि उतरताना यान वेग घेत असल्याने तिथला वेगही जास्त.

आकडे कोणालाही तपासता येतील. ४०० किलोमीटरवर एक फेरी साधारण साडेब्याण्णव मिनिटांची. २० किलोमीटर खाली उतरले की फेरीमागे सुमारे २५ सेकंद वाचतात, म्हणजे दर फेरीला १९० किलोमीटरच्या आसपास अंतर भरून निघते. ६०० किलोमीटरसाठी तीनपेक्षा थोड्या जास्त फेऱ्या, वेळ जवळपास पाच तास. उतरायला सेकंदाला ११ मीटर आणि परत चढायला तेवढाच वेगबदल लागतो. ४० किलोमीटर उतरलात तर वेळ निम्मा होईल, पण इंधन दुप्पट जाईल. आणखी खाली गेलात तर विरळ हवेचे घर्षण जाणवू लागेल.

आता नायिकेकडे चार तासांचा प्राणवायू आणि बेताचे इंधन आहे असे धरा. किती खाली उतरायचे? प्राणवायू वाचवला तर इंधन जाते, इंधन वाचवले तर प्राणवायू. शिवाय जे गाठायचे त्याच्याकडे पाहून ब्रेक दाबायचा. दर फेरीत छत्तीसेक मिनिटे पृथ्वीच्या सावलीत, मिट्ट काळोखात जायची. यापेक्षा चांगले पटकथाकाराला काय हवे होते? त्याऐवजी आपल्याला ढोल-ताशाच्या ठेक्यावर पाच मिनिटांचा पाठलाग मिळाला.

पोहोचल्यावर तर कहरच. यान धाडकन स्थानकाला चिकटते, हिरवा दिवा लागतो. जुळणी कशी होते हे आपल्या इस्रोने जानेवारी २०२५ मध्ये साऱ्या देशासमोर करून दाखवले आहे. स्पेडेक्स या मोहिमेचे दोन उपग्रह, प्रत्येकी सुमारे २२० किलोचे, ४७५ किलोमीटरच्या कक्षेत एकमेकांजवळ आणले गेले. ५ किलोमीटर, दीड किलोमीटर, ५०० मीटर, २२५ मीटर, १५ मीटर, ३ मीटर असे टप्पे होते आणि प्रत्येक टप्प्यावर थांबून तपासणी. शेवटचा वेग सेकंदाला साधारण १ सेंटिमीटर. जुळणी दोनदा पुढे ढकलावी लागली. त्यातल्या एकदा उपग्रह अपेक्षेपेक्षा जास्त सरकले होते. १२ तारखेला तर तीन मीटरपर्यंत नेऊन पुन्हा मागे घेतले. जुळले ते १६ जानेवारीला. वेग जास्त असेल तर कड्या अडकण्याआधीच दोन्ही उपग्रह एकमेकांवर आपटून लांब जातात. किंचित तिरके आले तर एकमेकांना फिरवून टाकतात. तीन मीटरवरून माघार घेण्याचा तो निर्णय पडद्यावर दाखवला असता तर प्रेक्षागृहात चिडीचूप झाली असती.

स्पेससूटच्या बाबतीतही तोच उतावीळपणा. अर्ध्या मिनिटात सूट चढवून नायक दाराबाहेर! स्थानकात हवेचा दाब पृथ्वीवरच्याइतकाच, १४.७ पीएसआय असतो. अमेरिकी सूटमध्ये तो फक्त ४.३ असतो, आणि आत शुद्ध प्राणवायू. दाब कमी ठेवावा लागतो, कारण जास्त दाबाने सूट फुगून ताठ होतो आणि बोटे वळत नाहीत. १८ मार्च १९६५ रोजी पहिल्यांदा यानाबाहेर पडलेल्या अलेक्सी लिओनोव्हचा सूट असाच फुगला होता, आणि आत शिरता यावे म्हणून त्याला सूटमधली हवा सोडावी लागली होती. पण एकदम कमी दाबात गेले की रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात. सांधे धरतात, प्रसंगी जिवावर बेतते. म्हणून बाहेर पडण्याआधी शुद्ध प्राणवायू घेत शरीरातला नायट्रोजन काढून टाकतात, आणि या तयारीत काही तास जातात. घाईची वेळ होती म्हणाल तर ठीक, पण मग त्या घाईची किंमत त्याच्या गुडघ्यांना मोजायला लावा. आमचा नायक बाहेरून येऊन लगेच मारामारी करतो!

पुढे हेल्मेटची काच तडकते आणि क्षणात चेहऱ्यावर बर्फ जमतो. हा गैरसमज फार जुना आणि फार चिवट आहे. निर्वातात उष्णता घेऊन जायला हवाच नसते. ती फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपाने जाते, तीही हळूहळू. माणूस क्षणात गोठत नाही आणि फुटतही नाही. जिभेवरचे, डोळ्यांतले पाणी मात्र उकळू लागते, आणि दहा ते पंधरा सेकंदांत शुद्ध जाते. १९६६ मध्ये नासाच्या निर्वात कक्षात चाचणी चालू असताना जिम लब्लांक यांच्या सूटची नळी निसटली. साधारण १४ सेकंदांत ते कोसळले. शुद्ध हरपण्याआधीची त्यांची शेवटची आठवण जिभेवरची लाळ उकळत असल्याची होती. कक्षात लगेच हवा भरली गेली आणि ते बचावले. अशा वेळी श्वास रोखून धरणे सर्वांत घातक, कारण आतली हवा प्रसरण पावून फुप्फुसे फाटतात. आमचा नायक नेमका गाल फुगवून श्वास धरतो.

खरे तर सूटमधली अडचण थंडीपेक्षा उकाड्याची असते. अंगाची उष्णता आतच कोंडते. म्हणून अंतर्वस्त्रात बारीक नळ्या शिवलेल्या असतात आणि त्यांतून गार पाणी फिरत राहते. ते गार कसे होते? पाठीवरच्या यंत्रात थोडे पाणी सच्छिद्र धातूच्या पत्र्यातून निर्वाताकडे सोडतात. ते तिथे गोठते, बर्फाची थेट वाफ होते आणि जाताना ती उष्णता घेऊन जाते. मे महिन्यात कूलरची ताटी ओली ठेवणाऱ्या नागपूरकराला यातले मर्म वेगळे समजवावे लागणार नाही. हीच व्यवस्था बिघडली तर काय होते तेही घडून गेले आहे. १६ जुलै २०१३ रोजी इटालियन अंतराळवीर लुका पार्मितानो स्थानकाबाहेर असताना सूटमधल्या पंख्या-पंपाच्या भागातली छिद्रे तुंबली आणि लिटर-दीड लिटर पाणी हेल्मेटमध्ये आले. वजनरहित अवस्थेत ते खाली ओघळेना. डोळ्यांवर, नाकावर चढून बसले. दिसेना, ऐकू येईना, अशा स्थितीत दोरीचा अंदाज घेत ते आत परतले. यात एकही स्फोट नाही, तरी वाचताना घाम फुटतो.

फिरत्या चाकातल्या कृत्रिम गुरुत्वाबद्दल थोडक्यात. पात्रांच्या उंचीवरून पाहता त्या चाकाची त्रिज्या १० मीटरच्या आसपास आहे. तेवढ्या चाकात पायांना पृथ्वीइतके वजन हवे असेल तर मिनिटाला साडेनऊ फेरे लागतील. डोक्याशी मात्र वजन १७ टक्क्यांनी कमी असेल, कपात ओतलेला चहा बाजूला पडेल आणि मान वळवताच ओकारी येईल. मिनिटाला दोन फेऱ्यांवर भागवायचे तर त्रिज्या सुमारे २२४ मीटर हवी. चित्रपटात त्या चाकात चक्क लग्नाची वरात नाचते.

निर्वातातले स्फोटांचे आवाज सोडून देऊ. त्यावर भांडून आता कंटाळा आला आहे. चंद्राजवळून बोलताना उत्तर यायला सुमारे अडीच सेकंद लागायला हवेत, तेही सोडू. पण नियंत्रण कक्षातला शास्त्रज्ञ ‘वर गुरुत्वाकर्षण नसते’ असे ठणकावून सांगतो, ते सोडता येत नाही, कारण मुले तेच घरी घेऊन जाणार. ४०० किलोमीटरवर गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के असते. स्थानक आणि आतली माणसे एकत्र पडत असतात, म्हणून वजन जाणवत नाही. ते गुरुत्व नसते तर स्थानक कक्षेत राहिलेच नसते.

जे जमले ते मान्य करायला हवे. तरंगणाऱ्या पाण्याचे गोळे, ओला टॉवेल पिळल्यावर हाताभोवती साचून राहणारे पाणी, हे सगळे अचूक आहे. म्हणजे सल्ला द्यायला कोणी जाणकार होता. त्याचे पटकथेच्या टेबलावर कोणी ऐकले नाही.

विनंती दोनच. अशा चित्रपटाच्या परीक्षणासोबत विज्ञानाच्या बाजूने अर्धा स्तंभ तरी छापावा. लिहू शकतील असे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक नागपुरात आहेत. आणि शाळांनी खेळ आरक्षित केलाच असेल तर त्याला जोडून रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणाची फेरी ठेवावी आणि वर्गात एक तास २० किलोमीटर खाली उतरण्याचे ते गणित फळ्यावर सोडवून घ्यावे. नववी-दहावीच्या मुलांना वर्तुळाचा परीघ आणि वेग येतोच. फेरीचा काळ शिक्षकांनी द्यावा.

शेवटच्या दृश्यात दुसऱ्या भागाची नांदी आहे. यान लघुग्रहांच्या पट्ट्याकडे निघते आणि समोर दगडांची दाटी दिसते. त्या पट्ट्यात दोन मोठ्या लघुग्रहांमधले सरासरी अंतर लाखो किलोमीटरचे आहे. पायोनियर १० हे यान जुलै १९७२ मध्ये त्यात शिरले आणि फेब्रुवारी १९७३ मध्ये सुखरूप बाहेर पडले. चित्रीकरण सुरू झालेले नसेल, तर दगड चुकवत वळणे घेण्याचा खर्च निर्मात्यांना अजून वाचवता येईल.

आपला,
विज्ञानकथांचा एक वाचक, धरमपेठ, नागपूर