बाबा, नवीन कॉम्प्युटर एवढ्यात घेऊ नका

ती. बाबा आणि सौ. आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही दोघंही एकदम बोलत होतात, त्यामुळे मला कळलं ते एवढंच की कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ घेतो आणि दुकानदार म्हणतो, ‘मदरबोर्ड गेलाय, नवा घ्या.’ घेऊ नका. मदरबोर्ड गेला असता तर तो मुळात सुरूच झाला नसता.

आपला डबा लेनोव्होचा थिंकसेंटर एम 93 पी टायनी आहे. आकाराने लहान, पण आतला आय 5 प्रोसेसर सोसायटीचं इतिवृत्त टाइप करायला, वीजबिल भरायला आणि आईचे अभंग ऐकायला आजही पुरून उरतो. अडतंय ते हार्ड डिस्कपाशी. तिच्यात खरोखरची तबकडी फिरते आणि हवी ती माहिती वाचकाठीखाली येईपर्यंत थांबावं लागतं. दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंदच, पण विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीकसारीक फायली गोळा करतं. एसएसडी ही चिपवर माहिती ठेवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शात होतं. पटत नसेल तर कॉम्प्युटर सुरू झाल्या झाल्या कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. ‘डिस्क’खाली 100 टक्के दिसेल आणि सीपीयू, म्हणजे प्रोसेसर, निवांत. साहेब हजर, फाइल आणणारा शिपाईच सापडत नाही, अशातली गत.

म्हणून एक अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी घ्यायची, आहे त्या डिस्कएवढीच, 500 जीबीची. दुकानात एनव्हीएमई ही वेगळ्या जोडणीची एसएसडी गळ्यात मारतील, ती नको, आपल्या डब्यात तिला जागाच नाही. दुसरं, रॅम. सध्या 4 जीबी आहे आणि एक स्लॉट रिकामा आहे. त्यात लॅपटॉपला लागते तसली डीडीआर 3 एल रॅम बसते. डीडीआर 4 ची खाच वेगळ्या जागी असते, ती आत जातच नाही. जोर लावून कुणाला बसवू देऊ नका. आपल्या डब्यात 16 जीबीपर्यंत चालते, पण तुम्हाला 8 पुष्कळ.

आता महत्त्वाचं. कुणीही ‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. बाबा, तुमची गेल्या कित्येक वर्षांची इतिवृत्तं आणि कुलवृत्तान्ताची टिपणं जुन्या श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये आहेत, कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये नाहीत. तो फॉन्ट उडाला की फाइल उघडेल, पण पानभर रोमन चिन्हांचा गिचमिडकाला दिसेल. म्हणून नवी डिस्क कोरी न बसवता जुनीची जशीच्या तशी क्लोन करायची. त्यासाठी यूएसबीची एक केबल लागते, ती माझ्याकडे आहे. जुनी डिस्क मग कपाटात जपून ठेवू.

घड्याळ सारखं मागे जातं आणि बँकेची साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणते, ते काही हॅकिंग नव्हे. आतला सीआर 2032 नावाचा बटणसेल संपलाय. तारीख चुकली की ब्राउझरला साइटचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. सेल किरकोळ किमतीत मिळतो.

एक गोष्ट मात्र एसएसडीने सुटणार नाही. विंडोज 10 चा नेहमीचा पाठिंबा, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढच्या प्रोसेसरवर चालतं, आपला चौथ्या पिढीचा आहे. जुगाड करून चढवतात लोक, पण मला ते पटत नाही. त्यामुळे बँकेचं काम फक्त फोनवर करा. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही दुसरी प्रणाली टाकायची का, ते मी आल्यावर बसून ठरवू.

सामान मी गणपतीला येताना घेऊन येते. मागचा एक स्क्रू काढला की झाकण सरकतं, हे बाबांना ठाऊक आहेच. पण तोवर उघडू नका. कोकणातल्या दमट हवेत पंख्यावर धुळीचा थर धरलेला असणार, तो मी ब्रशने काढीन.

तेवढ्यात एक करा. ‘डॉक्युमेंट्स’ आणि विंडोजच्या फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’, दोन्ही पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. आई, बाबा ‘करतो’ म्हणतील. पेनड्राइव्ह तुझ्याकडे घे आणि एक फाइल उघडून दाखवायला लाव.

तुमची,
चिनू