चौथ्या वर्षातल्या हौदाबद्दल जाहीर आभार

आदरणीय दादा,
सप्रेम नमस्कार वि. वि.

बुटक्यांकडून गड उभारून घेण्याच्या 'ड्वॉर्फ फोर्ट्रेस' या संगणकीय खेळातल्या माझ्या गडाने परवा खेळातले साठावे वर्ष ओलांडले, म्हणून हे पत्र. आभार मात्र चौथ्या वर्षातल्या एका हौदाबद्दल मानायचे आहेत. तेव्हा तुम्ही वेळ काढला नसता, तर हा गड पाचवे वर्षही पाहता ना.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांनी २००६ मध्ये हा खेळ आणला तेव्हा बुटका म्हणजे पडद्यावरचे एक हसरे चिन्ह होते आणि तुम्ही त्या काळापासून खेळत आहात. मी आलो तो डिसेंबर २०२२ची चित्रमय आवृत्ती पाहून, आणि सोपे असेल या समजुतीने. भोजनगृहाखाली हौद खणून मी नदीचे पाणी कालव्याने आत घेतले, वर विहीर बांधली. नदीतून उतरलेले पाणी दाबाने जवळपास नदीच्याच पातळीपर्यंत पुन्हा चढते, हे मला ठाऊक नव्हते. विहिरीच्या तोंडातून पाणी भोजनगृहात आले. फ्लडगेट, म्हणजे पाणी अडवणारा दरवाजा, बंद करायची कळ मी शहाण्यासारखी त्याच भोजनगृहात बसवली होती, आणि खेळात सातपर्यंत मोजली जाणारी पाण्याची खोली ४ झाली की बुटका त्यात पाऊल टाकत नाही. दोन स्वयंपाकी आणि एक सुतार बुडाले.

मी गड सोडून देणार होतो. तुम्ही माझी सेव्ह फाईल, म्हणजे जतन केलेला खेळ, मागवून घेतलीत आणि रात्री वहीच्या चौकटीच्या कागदावर काढलेल्या नकाशाचा फोटो पाठवलात. त्यावर एवढेच लिहिले होते: जिना भिंतीने बुजवा, दारूची भट्टी वर हलवा, हिवाळ्याची वाट पाहा. भट्टीचे कारण मला नंतर कळले. दारू संपली की बुटक्यांची कामे रेंगाळतात, आणि माझी सगळी पिंपे पाण्याखाली होती. हिवाळ्यात नदी आणि कालव्याचे उघड्यावरचे तोंड गोठले, तेव्हा बर्फ फोडून तिथे दगडी भिंत घातली. नवा कालवा तुमच्या नकाशाप्रमाणे एका जागी कोपऱ्याला कोपरा लावून तिरपा खणला, कारण तिरप्या वाटेने पाणी जाते पण दाब जात नाही. तो तिरपा चौकोन तुम्ही लाल पेनाने दोनदा गिरवला होता.

पुढे चाळिसाव्या वर्षी संगणकावरचा भार वाढून खेळ सेकंदाला बारा फ्रेमवर (म्हणजे बारा चित्रांवर) रखडला, तेव्हा लोकसंख्येची मर्यादा २०० वरून ११० वर आणण्याचा, वापरात नसलेले बोगदे बुजवण्याचा आणि मांजरी आवरण्याचा सल्लाही तुमचाच. मांजरींच्या बाबतीत मी हरलो. त्या आपला मालक स्वतः निवडतात आणि मग कसाईही त्यांना हात लावत नाही.

एक गोष्ट कबूल करतो. तुम्ही उत्तर तयार करून सेव्ह फाईलच दुरुस्त करून पाठवाल, अशी माझी अपेक्षा होती, आणि नुसता नकाशा आला तेव्हा थोडा राग आला होता. भिंत मात्र माझ्याच बुटक्यांनी बांधली, त्यामुळे त्यानंतरचे तिन्ही हौद मला कोणाला विचारावे लागले नाहीत.

गेल्या आठवड्यात एका कोरक्याने नव्या दालनाच्या भिंतीवर त्या सुताराच्या बुडण्याचे चित्र कोरले. साठाव्या वर्षाची सेव्ह फाईल सोबत पाठवत आहे. ते दालन जुन्या भोजनगृहाच्या बरोबर वर आहे.

तुमचा ऋणी,
एक धाकटा खेळाडू