शिवडीच्या दफनभूमीतील दगडांची आणि झाडांची नोंद एकाच वहीत व्हावी

प्रति,
माननीय सांस्कृतिक कार्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीविषयी हे पत्र आहे. तेथे माझे कोणी आप्त विसावलेले नाही. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली, त्या परिसराशी अनेक वर्षांचा संबंध असलेली मी एक नागरिक आहे. मुंबईचा इतिहास आणि मुंबईची झाडे या दोन्ही गोष्टी एकाच आवारात, एकमेकींना धरून उभ्या असलेल्या जागा या शहरात फार थोड्या उरल्या आहेत आणि त्यांपैकी ही एक आहे, म्हणून आपले लक्ष तिच्याकडे वेधण्याचे धाडस करते आहे.

या जागेची गोष्ट बागेपासून सुरू होते. शेती आणि बागायतीसाठी काम करणाऱ्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीने १८३० साली शिवडीला बाग उभारली होती. पुढे गिरगावात सोनापूरला असलेली युरोपीय दफनभूमी अपुरी पडू लागली, तेव्हा १८६५ साली मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी या बागेची जमीन दफनभूमीसाठी घेतली. त्याच सोसायटीने भायखळ्याला केलेली बाग १८६२ साली लोकांसाठी खुली झाली होती. तीच आपली राणीची बाग, म्हणजे आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. शिवडीची दफनभूमी आणि राणीची बाग या अशा रीतीने एकाच घरच्या दोन लेकी आहेत. धाकटीकडे सुट्टीच्या दिवशी अख्खी मुंबई लोटते, थोरलीची मात्र आठवण शहराला एखाद्या अंत्ययात्रेच्या दिवशीच होते.

दफनभूमी आणि बाग यांचे हे नाते केवळ मुंबईतले नाही. अमेरिकेत बोस्टन शहराजवळची माउंट ऑबर्न ही दफनभूमी १८३१ साली मॅसॅच्युसेट्सच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीनेच सुरू केली आणि आज तेथे कबरींना भेट देणाऱ्यांबरोबर वसंतातले स्थलांतरित पक्षी पाहणारे लोकही येतात. पॅरिसची पेर लाशेज ही दफनभूमी १८०४ साली उघडली. तिचे सुमारे ४४ हेक्टरांचे आवार आज त्या शहराच्या मोठ्या हिरव्या जागांमध्ये मोजले जाते. स्टॉकहोमच्या वनातील दफनभूमीला तर युनेस्कोने १९९४ साली जागतिक वारशाचा दर्जा दिला. आपल्या देशात कोलकात्याची साउथ पार्क स्ट्रीट दफनभूमी १७६७ साली सुरू झाली. तेथे विल्यम जोन्स यांच्यासारख्या भाषाविदाची समाधी आहे आणि दाट झाडीतल्या त्या वाटांवरून फिरायला देशोदेशीचे लोक जातात. यांपैकी काही दफनभूमी बाग म्हणूनच आखलेल्या होत्या आणि शिवडी तर मुळात बागच होती.

महाराष्ट्राच्या माणसाला हे समजायला परदेशी उदाहरणांची तशी गरजही नाही. आपल्या देवरायांचा अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी केला, तेव्हा लक्षात आले ते हेच, की जेथे श्रद्धेने कुऱ्हाड अडवली तेथेच जुने रान टिकले. दफनभूमीतही तोच नियम चालतो. मृतांच्या जमिनीवर इमारत बांधायला कोणाचा हात सहसा धजत नाही आणि त्या संकोचाच्या सावलीत झाडे म्हातारी होऊ शकतात. स्मारकशिळांचेही तसेच आहे. गावोगावच्या वीरगळांवर कोणी लढताना पडला, कोणाची गाय सोडवताना पडला हे आपण दगडातून वाचतो. शिवडीचे कोरीव दगड त्याच जातीचे पुरावे आहेत, फक्त त्यांची लिपी आणि चिन्हे वेगळी आहेत.

तेथे कोण विसावले आहे, ते दोन नावांवरून कळावे. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हे १८८८ साली पूर्ण झालेल्या आणि २००४ साली जागतिक वारसा ठरलेल्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचे वास्तुविशारद. समोरची महानगरपालिकेची १८९३ सालची इमारतही त्यांचीच. १९०० साली मलेरियाने ते मुंबईतच वारले आणि शिवडीच्या मातीत गेले. ज्या स्थानकातून रोज लाखो माणसे जातात आणि ज्या इमारतीतून या शहराचा कारभार चालतो, त्यांच्या कर्त्याची कबर येथे आहे. दुसरे नाव काका बॅप्टिस्टा यांचे. लोकमान्य टिळकांचे सहकारी, १९१६ सालच्या होमरूल लीगचे अध्यक्ष, कामगार चळवळीचे आरंभीचे नेते आणि १९२५ साली मुंबईचे महापौर झालेले जोसेफ बॅप्टिस्टा १९३० साली वारले. ‘स्वराज्य हा माझा जन्मसिद्ध हक्क आहे’ या घोषणेमागचे मूळ शब्द त्यांचे होते, असे सांगितले जाते. माझगावच्या टेकडीवरील बागेला त्यांचे नाव आहे, पण त्या बागेत खेळायला येणाऱ्या मुलांपैकी फारच थोड्यांना त्यांची समाधी थोड्याच अंतरावर, शिवडीला आहे हे ठाऊक असते. वर्गात स्वराज्याचा धडा शिकवताना मला नेहमी वाटत आले, की मुलांना एकदा येथे आणून उभे करावे.

तरी नामवंतांसाठी जागा राखायची आणि बाकीच्यांची विसरायची, असा माझा आग्रह नाही. माझ्या मते दफनभूमीचे खरे धन सामान्यांच्या दगडांवर असते. ‘दोन पावसाळे म्हणजे माणसाचे आयुष्य’ असे एके काळी इंग्रज लोक मुंबईबद्दल म्हणत. जुन्या दफनभूमीत मृत्यूच्या वेळची वये ओळीने वाचत गेले, की या म्हणीचा अर्थ पोटात कालवाकालव करीत कळतो. कोणत्या वर्षी कोणती साथ आली, बाळंतपणात किती स्त्रिया गेल्या, कोण कोणत्या बोटीवर, रेल्वेत किंवा गोदीत कामाला होता, कोणती कुटुंबे येथे तीन पिढ्या रुजली, हे जनगणनेच्या तक्त्यांत एका आकड्यात मिटते आणि दगडावर नावानिशी उरते. दगड गेला की तेही जाते. बेटाच्या दक्षिणेला मेंडहॅम पॉइंटवर मुंबईतील इंग्रजांची पहिली दफनभूमी होती. तिचा आज मागमूसही नाही आणि तेथे पुरलेल्या माणसांसाठी शहराने एक ओळही राखलेली नाही.

आता मूळ अडचणीकडे येते. अशा जागेची जबाबदारी कारभारात तुकड्यातुकड्यांनी वाटली जाते. किती दफने झाली आणि जागा किती उरली हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न ठरतो. झाड तोडायचे किंवा छाटायचे असेल तर तो वृक्ष प्राधिकरणाचा विषय होतो. दगड आणि शिल्पे वारशाच्या फाइलीत जातात, आणि रोजची देखभाल व्यवस्थापनातील विश्वस्तांच्या तुटपुंज्या निधीवर येते. प्रत्येकजण आपल्या वाटणीचे पाहतो. पण जमिनीवर हे तुकडे वेगळे नसतात, याचे एक साधे उदाहरण देते.

पक्ष्याच्या विष्ठेतून पिंपळाचे किंवा वडाचे बी थडग्याच्या भेगेत पडते. पहिल्या पावसात ते रुजते, मुळे चुन्याच्या सांध्यांत शिरतात, जाड होतात आणि काही वर्षांत चौथरा उकलतो. वरवर छाटले तर ते पुन्हा फुटते आणि ओढून काढले तर दगडही सोबत निखळतो. रोप बोटाएवढे असतानाच मूळ शोधून ते काढून टाकणे आणि सांधा चुन्याने भरणे, हा खरा उपाय आहे, पण तो दरवर्षी, न चुकता करावा लागतो. आणि झाड मोठे झालेले असेल तर? तेव्हा त्या दगडाचे मोल जास्त की त्या झाडाचे, हे ठरवावे लागते. त्यासाठी दगड जाणणारा माणूस आणि झाड जाणणारा माणूस एकाच वेळी तेथे उभे असायला हवेत. आजच्या व्यवस्थेत एकाची परवानगी मिळेपर्यंत दुसऱ्याचा विषय हाताबाहेर गेलेला असतो.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारे नुकसान याहून वेदनादायक असते, कारण ते चांगल्या हेतूने होते. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. अ‍ॅसिडने धुतला की तो शुभ्र दिसतो, पण प्रत्येक धुण्यात अक्षरांची धार विरघळत जाते. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट लिंपले, की आतला ओलावा सिमेंटमधून बाहेर पडू शकत नाही, तो शेजारच्या मऊ दगडातून वाट काढतो, क्षार पृष्ठभागाशी गोठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. शिशाची अक्षरे बसवलेल्या दगडांवरून एकेक अक्षर गळून पडते आणि मागे नुसती बारीक छिद्रे राहतात. ज्याने ती अक्षरे असताना फोटो काढून ठेवला नसेल, त्याला ते नाव परत जुळवणे कठीण होते. झाडांचेही असेच घडते. वाटा नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून बुंध्यापर्यंत फरशी नेली जाते, मुळांची हवा आणि पाणी तुटते आणि काही पावसाळ्यांनंतर उभे झाड कोसळून चार कबरी फोडते.

या जमिनीचे आणखी एक काम आहे. मुंबईवर वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. २६ जुलै २००५ रोजी एका दिवसात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, तेव्हा पाणी मुरायला उघडी माती न ठेवण्याची किंमत या शहराने मोजली. दफनभूमी ही मध्य मुंबईतली उघडी माती आहे. तिच्यावर सावली आहे, रात्री अंधार आहे आणि शांतता आहे. पिंगळ्याला आणि वटवाघळाला या तिन्ही गोष्टी लागतात. पूर्वेला थोड्याच अंतरावर शिवडीची खाजण आहे, जिथे दरवर्षी रोहित पक्षी येतात. रोहित पाहायला येणाऱ्यांपैकी कितीजणांना वाटेतील या आवारात थांबावेसे वाटते?

शास्त्रज्ञांसाठीही अशी जागा मौल्यवान असते, ही बाब फारशी कोणी विचारात घेत नाही. हवेच्या प्रदूषणाने दगड किती झिजतो किंवा दगडफूल किती वेगाने पसरते, हे मोजायचे तर दगड उघड्यावर केव्हापासून आहे ते माहीत असावे लागते. थडग्यावर ते वर्ष बहुधा कोरलेलेच असते. कबरींची एखादी जुनी ओळ एखाद्या झाडाला वळसा घालून जात असेल, तर त्या कबरींवरील तारखा झाडाच्या वयाचाही अंदाज देतात. महाराष्ट्राच्या वृक्षसंरक्षण अधिनियमात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ५० वर्षे आणि त्याहून जुन्या झाडांना ‘हेरिटेज’ वृक्षाचा दर्जा देण्याची तरतूद केली. त्या वयाचा पुरावा इथे दगडच देतील, जर दोन्हींची नोंद एकत्र झाली तर.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती खर्चाने फार मोठी नाही. कोणतीही दुरुस्ती, सुशोभीकरण किंवा रोषणाई करण्याआधी या दफनभूमीची एक संपूर्ण नोंद व्हावी. प्रत्येक कबरीचे स्थान, फोटो, शिलालेखाची अक्षरशः नक्कल, दगडाचा प्रकार आणि स्थिती, आणि त्याच नकाशावर प्रत्येक झाडाची जात, घेर आणि प्रकृती. आपल्या खात्याकडे पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, पुराभिलेख संचालनालय आणि दर्शनिका विभाग ही तिन्ही आहेत. दगड वाचणारे, जुने कागद सांभाळणारे आणि जिल्ह्यांचा इतिहास लिहिणारे लोक एकाच मंत्र्याच्या अखत्यारीत असावेत, ही या कामासाठी फार अनुकूल गोष्ट आहे. पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग आणि महानगरपालिकेचे उद्यान खाते यांना आपण निमंत्रण दिले, तर पाहणीसाठी एकच संयुक्त पथक नेमता येईल. मुंबई इलाख्यातील चर्चच्या दफन नोंदींच्या प्रती त्या काळी लंडनला पाठवल्या जात आणि त्या तेथे जपलेल्या आहेत. पणजोबांचा शोध घेणारे वंशज आजही त्या उघडतात. नोंदी तिकडे सुरक्षित आहेत आणि ज्यांच्यावरून त्या झाल्या ते दगड इकडे पावसात आहेत.

हे सारे विश्वस्तांच्या आणि ख्रिस्ती समाजाच्या संमतीनेच व्हायला हवे, हे मी येथे मुद्दाम लिहिते. ही वापरातली दफनभूमी आहे. २ नोव्हेंबरला, म्हणजे ख्रिस्ती समाजाच्या मृतांच्या स्मरणदिनी, कुटुंबे येतात, कबरी धुतात, फुले आणि मेणबत्त्या ठेवतात. जागेची टंचाई एवढी, की मुंबईत अनेकांच्या वाट्याला तात्पुरतीच कबर येते आणि काही काळाने ती दुसऱ्यासाठी उघडावी लागते. या दुःखाच्या जागेचे सहलीचे ठिकाण करावे, तिकिटे लावावीत, दिव्यांनी उजळून टाकावे, असे मला मुळीच सुचवायचे नाही. महिन्यातून एखाद्या सकाळी, जाणकाराच्या सोबतीने, थोड्या माणसांनी हळू आवाजात फिरावे, इतकेच पुरेसे आहे. आणि जुन्या भागातील दुरुस्तीचा भार नातलग नसलेल्या कबरींसाठी तरी शासनाने उचलावा, कारण त्यांच्यासाठी खर्च करायला दुसरे कोणी उरलेले नाही.

वेळेबद्दल एक शब्द. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतूचे उद्घाटन झाले आणि त्याचे मुंबईकडचे टोक शिवडीला आहे. हा भाग झपाट्याने बदलतो आहे; वाहतूक वाढेल, धूळ वाढेल, आसपासच्या जमिनीचे भाव वाढतील. बदलाला माझा विरोध नाही. बदल होण्याआधी काय होते ते लिहून ठेवलेले असावे, एवढीच इच्छा आहे.

आपण एकदा प्रत्यक्ष यावे, अशी विनंती आहे. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्यात आलात तर उत्तम, कारण भेगांतली पिंपळाची रोपे तेव्हा लहान असतात आणि काढता येतात. जून उजाडला की ती वर्षभरासाठी आत शिरतात.

कळावे.

आपली नम्र,
शिवडी परिसरातील एक निवृत्त शिक्षिका

प्रत माहितीसाठी: माननीय पर्यावरण व वातावरणीय बदल मंत्री, आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका