ताई, तुमची निळी वही अजून माझ्याकडेच आहे

ताई,

तुम्ही कुणाला आभार मानू देत नाही, हे मला ठाऊक आहे. २०१५ साली व्हीएमवेअरच्या परीक्षेच्या निकालाचा ई-मेल आला त्या संध्याकाळी मी पेढे घेऊन तुमच्या घरी आलो. तुम्ही पेढा तोंडात टाकलात आणि विचारलंत, "पहिल्या वेळी कुठं अडकलास ते नीट लिहून ठेवलंस का?" झालं, विषयच बदलला. म्हणून आज चारचौघांत लिहितोय, म्हणजे तुम्हाला मधेच थांबवता येणार नाही.

ज्यांना ही परीक्षा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. एका सर्व्हरच्या पोटात पंधरा-वीस आभासी सर्व्हर (व्हीएम) चालवायचे, हे व्हीएमवेअर कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काम. त्यावरची व्हीसीपी ही परीक्षा पर्यायांची: दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडायचं. तिच्या वरची, डेटा सेंटर सांभाळणाऱ्यांसाठीची व्हीकॅप-५ डीसीए मात्र निराळीच होती. तिथं पर्याय नव्हते. समोर चालू अवस्थेतली लॅब असायची: ईएसएक्सआयचे होस्ट (व्हीएम पोटात चालवणारे सर्व्हर), ते सांभाळणारं व्हीसेंटर, स्टोरेज, नेटवर्क, सगळं जिवंत. व्हीस्फिअर ५.५, म्हणजे या सॉफ्टवेअरची तेव्हाची आवृत्ती, तिच्यावरच्या माझ्या परीक्षेत अशी २३ कामं होती आणि हातात तीन तास. १०० ते ५०० च्या मोजपट्टीवर ३०० मिळाले की उत्तीर्ण. पाठांतराचा तिथं काडीचा उपयोग नव्हता.

आणि मी तुमच्याकडे पहिल्यांदा आलो होतो ते डम्प, म्हणजे परीक्षेतले फुटलेले प्रश्न, मागायला. तेव्हा तुम्हाला 'मॅडम' म्हणायचो. नाइट शिफ्ट होती, पॅन्ट्रीत तुम्ही एकट्याच चहा घेत होतात. मी हळूच विचारलं, "मॅडम, ॲडव्हान्सचे प्रश्न कुणाकडे मिळतील का?" तुम्ही रागावला असतात तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही म्हणालात, "प्रश्न मिळतीलही रे. पण मशीन समोर आलं की काय करशील? रविवारी सकाळी घरी ये."

तो रविवार मला जसाच्या तसा आठवतो. कर्वेनगरमधलं तुमचं घर, पोह्यांचा वास आणि आतल्या खोलीत लाकडी स्टुलावर ठेवलेलं ते जुनं मशीन. ३२ जीबी मेमरी, बाजूचं झाकण काढलेलं, पंख्याचा आवाज सगळ्या घरात. तुमच्या आई म्हणाल्या होत्या, "ये बाबा, गिरणी चालूच आहे." ईएसएक्सआय ५.५ ला एका होस्टमागे किमान ४ जीबी लागायचे, व्हीसेंटरच एकटं ८ जीबी घ्यायचं. तेवढ्यात तुम्ही तीन होस्ट, व्हीसेंटर, डोमेन कंट्रोलर आणि स्टोरेजचं एक अप्लायन्स बसवलं होतं. आमच्या ऑफिसात कुणी मला प्रॉडक्शनला, म्हणजे रोजच्या कामाच्या सर्व्हरना, हात लावू दिला नसता. तुम्ही मात्र तुमचं मशीन माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, "मोडलं तरी चालेल, मोडायलाच ठेवलंय."

तुमची शिकवायची पद्धत मला पुढं कुठल्याच कोर्सात दिसली नाही. तुम्ही शिकवायच्या नाहीतच. शनिवारी रात्री लॅबमध्ये काहीतरी बिघडवून ठेवायचात, निळ्या वहीत एका ओळीत तक्रार लिहायचात, अगदी यूजर बोलतो तशी, आणि रविवारी ती वही माझ्यासमोर सरकवायचात. "आतलं व्हीएम बाहेर पिंग करत नाही." मी आयपी तपासला, गेटवे तपासला, व्हीलॅन तपासलं, दीड तास घालवला. शेवटी कळलं की होस्टच्या आत होस्ट चालवताना बाहेरच्या पोर्ट ग्रुपवर (आभासी नेटवर्कच्या जोडणीवर) प्रॉमिस्क्युअस मोड, म्हणजे दुसऱ्याच्या पत्त्यावरची पॅकेटही आत येऊ देणारी सेटिंग, चालू असावा लागायचा आणि तुम्ही तो बंद केला होता. उत्तर तुम्ही सांगितलं नव्हतं. फक्त विचारलं होतं, "पॅकेट कुठपर्यंत पोचतंय ते पाहिलंस का?"

पण माझ्या मनात कायमचा बसलेला रविवार दुसराच. वहीत ओळ होती: "सर्व्हर फार स्लो आहे, काहीतरी करा." मी व्हीएम बंद केलं आणि दोनाचे चार व्हीसीपीयू (आभासी प्रोसेसर) केले. फरक नाही. मेमरी वाढवली. फरक नाही. तुम्ही शेंगा सोलत बसला होतात, एक शब्द बोलला नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणालात, "आधी बघ, मग हात लाव." मी ईएसएक्सटॉप, म्हणजे होस्टवर कोण किती काम करतंय ते दाखवणारं टूल, उघडलं. व्हीएम सीपीयूसाठी किती थांबलंय ते दाखवणारा रेडीचा रकाना वर चढलेला होता, म्हणून मला वाटलं होस्टवर गर्दी आहे. पण होस्ट तर जवळजवळ रिकामा! मग तुम्ही बोट ठेवलंत ते एमएलएमटीडीच्या, म्हणजे मर्यादेमुळे थांबलेल्या वेळाच्या, रकान्यावर. व्हीएमला चालायचं होतं, सीपीयूही मोकळा होता, पण कुणीतरी सेटिंगमध्ये ५०० मेगाहर्ट्झची मर्यादा घालून ठेवली होती. मी कितीही व्हीसीपीयू दिले असते तरी तेच ५०० मेगाहर्ट्झ वाटले गेले असते. त्या दिवशी मला कळलं की रेडीचा आकडा एकटा वाचायचा नसतो, त्यात मर्यादेमुळे थांबलेला वेळही मिसळलेला असतो. स्टोरेजच्या बाबतीतही तुम्ही हेच घोटवून घेतलंत. उशीर ॲरेकडून (डिस्कच्या पेटीकडून) होतोय की होस्टच्याच कर्नलमध्ये, हे आधी वेगळं करायचं आणि मगच स्टोरेजवाल्यांना फोन लावायचा. त्या एका सवयीमुळे आजवर किती भांडणं टळली असतील!

पहिल्या वेळी मी नापास झालो. २७४. एका कामावर हटून बसलो, ते सुटलं नाही आणि शेवटची सहा कामं उघडूनही पाहिली नाहीत. तुम्हाला फोन करायलाही लाज वाटत होती. तुम्हीच केलात. "पाटी आणायची," म्हणालात, "पांढरी, पेनाची." मग त्या पाटीवर १ ते २३ आकडे लिहायला लावलेत. प्रत्येक काम आधी वाचायचं, समोर खूण करायची: लगेच होणारं, वेळ खाणारं, नंतर बघू. वेळ खाणारं काम लावून द्यायचं आणि पुढच्याला हात घालायचा. "कुकर लावला की आपण शिट्ट्या मोजत उभे राहतो का? भाजी चिरायला घेतोच ना?" परीक्षेत उत्पादनाच्या पीडीएफ बघायला मिळायच्या, पण तिथं शोधत बसलात तर तास जायचा. म्हणून कुठल्या पुस्तिकेत काय आहे, याची तोंडी परीक्षा तुम्ही घेतलीत. लॅबचा स्क्रीन लांबून यायचा, क्लिक केल्यावर दम धरावा लागायचा. त्याची सवय व्हावी म्हणून महिनाभर मी रिमोटवरूनच सराव केला.

दुसऱ्या वेळी केंद्रात लॅमिनेट केलेला कागद आणि मार्कर मिळाला, तेव्हा पहिली तीन मिनिटं मी फक्त आकडे लिहिले. निकाल तिथल्या तिथं मिळत नव्हता, काही दिवस वाट पाहावी लागली. ३३६ आले.

आता ते प्रमाणपत्र जुनं झालं. व्हीस्फिअर ५.५ कधीच मागं पडलं, २०२३ च्या नोव्हेंबरात व्हीएमवेअरच ब्रॉडकॉम या कंपनीकडे गेलं, लायसन्सपासून परीक्षांपर्यंत सगळ्याची घडी बदलली. आमच्याकडे काही क्लस्टर (होस्टचे गट) दुसऱ्या प्लॅटफॉर्मवर हलवायचं काम सुरू आहे. मला त्याची भीती वाटत नाही, ती तुमच्यामुळे. कमांड नव्या आहेत, पण सीपीयूसाठी ताटकळणारं व्हीएम तिथंही ताटकळतंच.

माझ्या बढतीचं श्रेय मी मुलाखतींत त्या परीक्षेला देत आलो. खरं तर ते त्या चौदा रविवारांचं आहे. आठवड्यातली एकच सुट्टी, ती तुम्ही माझ्यासाठी मोडलीत, विजेचं बिल तुम्ही भरलंत आणि फीचा विषय काढला तेव्हा आईंना सांगून मला जेवायला बसवलंत. ताई, मनापासून आभार. मला हे त्या पेढ्यांच्या दिवशीच म्हणायचं होतं.

एक विचारायचं राहिलं. आमच्या टीममध्ये परभणीची एक मुलगी नवीन आली आहे. गेल्या आठवड्यात तिनं मला पॅन्ट्रीत गाठून डम्प मागितले. मी तिला रविवारी घरी बोलावलंय, जुनं मशीनही पुसून ठेवलंय. तुमची निळी वही तिला दिली तर चालेल ना?

तुमचाच
रविवारचा विद्यार्थी