पिवळ्या पिशवीतलं शहाळं

बेळगाव,
आषाढातला रविवार

प्रिय सुऱ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी आमच्या दवाखान्याच्या स्टोअरमध्ये कापसाचे गठ्ठे मोजत होतो, म्हणून धड बोललो नाही. राग धरू नको. गडहिंग्लजच्या दवाखान्याचा कारभार तुझ्या गळ्यात पडलाय आणि कचऱ्याचं काय करायचं ते “तुला ठाऊक असणार की” म्हणालास. सगळं ठाऊक आहे असं नाही, पण चुका बऱ्याच करून झाल्यात. फोनवर सांगून संपायचं नाही, म्हणून लिहितो.

आमच्याकडे हे सगळं निसर्गाच्या कळवळ्यानं सुरू झालं असं कुणी सांगितलं तर खोटं समज. वॉर्डाची सफाई करणाऱ्या एका अक्काच्या बोटामुळं सुरू झालं. जनरल वॉर्डातली साध्या कचऱ्याची काळी पिशवी भरली होती. तोंड बांधायचं म्हणून तिनं हातानं ती दाबली, आतली हवा काढायला. आपणही घरी तसंच करतो. आत सुई होती. काळ्या पिशवीत सुई असायचं काही कारणच नाही. ती पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात जायची. अक्कानं नळाखाली बोट धुतलं आणि माझ्या खिडकीशी आली. “एक पट्टी दे की, टोचलंय जरासं.” मी दिली. काय टोचलं ते विचारलं नाही. रजिस्टरमध्ये बँडेड एक म्हणून लिहिलं आणि पुढच्या कामाला लागलो.

दुपारी जेवायच्या वेळी सिस्टरच्या कानावर गेलं आणि धावपळ झाली. अशा टोचण्यानंतर एचआयव्ही टाळायच्या गोळ्या जमतील तितक्या लवकर सुरू करायच्या असतात. ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. सुरू केल्या की २८ दिवस घ्यायच्या. त्या २८ दिवसांत अक्काला भाकरीचा वास सोसवत नव्हता. पुढं महिनोन्महिने रक्ततपासण्या. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह आले. सुई कुणी टाकली ते मात्र कुणी कबूल केलं नाही, आणि माझ्या पट्टीबद्दलही मला कुणी विचारलं नाही. तुलाच पहिल्यांदा लिहितोय.

त्यानंतर मॅट्रन बाई आणि मी आठवडाभर वॉर्डात उभं राहून कोण काय कुठं टाकतं एवढंच बघितलं. पिशव्या उघडायच्या नाहीत हे पक्कं ठरवलं होतं. टाकल्यावर निवडणं म्हणजे पुन्हा कुणाच्या तरी बोटाशी खेळ, आणि कायदाही सांगतो की कचरा जिथं होतो तिथंच वेगळा करायचा. दिसलं काय? रक्तापुवाच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत शहाळी. केळीच्या साली, चहाचे कागदी कप, बैलहोंगलहून आलेल्या भाकऱ्यांचं वर्तमानपत्र, सिरिंजची वेष्टनं. कारण साधं निघालं. पिवळा डबा खाटेशेजारी, काळा दाराबाहेर. नातेवाईक बिचारे काय करणार, हाताशी जो डबा असेल त्यात टाकणार. आम्ही वर्षभर शिबिरं घेत होतो, तक्ते लावत होतो, आणि दोष होता डब्याच्या जागेत. डबे हलवले. काळा खाटांमध्ये आणला, पिवळा-लाल ड्रेसिंगच्या ट्रॉलीला जोडले, म्हणजे पट्टी सोडणाऱ्याच्याच हाताखाली. तुझ्याकडे पहिलं काम हेच कर. पैसा लागत नाही.

रंगांचं तुला माहीत असेल, तरी सांगतो. २०१६ च्या नियमांप्रमाणे पिवळ्यात रक्तापुवाचा कापूस, कापून काढलेले अवयव, मुदत संपलेली औषधं, हे जाळायचं. लालमध्ये सलाईनच्या बाटल्या-नळ्या, कॅथेटर, हातमोजे. हे वाफेत निर्जंतुक करून, तुकडे करून प्लास्टिकवाल्याकडं जातं. पांढऱ्यात सुया-ब्लेड, निळ्यात काच. ४८ तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, बायोमेडिकलची गाडी येऊन नेते. आता शहाळं पिवळ्यात गेलं तर काय बिघडलं? एक तर ते ओलं. भट्टीत इंधन जाळून आधी त्याचं पाणी आटवायचं. दुसरं, रक्ताच्या कापसाला लागलेलं शहाळं पुन्हा साधं शहाळं राहत नाही. आख्खी पिशवी बाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं दवाखान्यातला सुमारे ८५ टक्के कचरा तुझ्या-माझ्या घरातल्यासारखा साधा असतो. तो साधाच ठेवणं, एवढंच तर निम्मं काम.

डब्यांवरच्या चिठ्ठ्या कानडी आणि इंग्रजीत आल्या होत्या. खानापूरकडच्या मावश्यांना वाचता येईनात. मग मॅट्रन बाईंनी चित्रं चिकटवली. गंमत बघ, कानडीत कस म्हणजे केर आणि आपल्याकडं जमिनीचा कस. गोकाकची अक्का “कस तुंबिदे” म्हणाली, म्हणजे कचरा भरलाय, तर नवा वॉर्डबॉय तिला म्हणतो, कुणाच्या शेतात?

सलाईनच्या बाटल्यांचा एक त्रास सांगून ठेवतो. शेतकरी मागायला येतात, मिरचीच्या रोपांना थेंब थेंब पाणी द्यायला. मन होत नाही नाही म्हणायला. पण द्यायची नाही. आम्ही बाटली भोसकून, नळी कापूनच लाल पिशवीत टाकतो, म्हणजे मोहच नको.

आता माझ्या खात्याचं. टाकायच्या वेळी जागं होऊन भागत नाही रे, माल मागवतानाच डोळे उघडे हवेत. आमच्या ड्रेसिंगच्या पॅकमध्ये दहा गॉज असायचे. जखमेला तीन लागायचे, उरलेले सात उघडे पडले म्हणून न वापरताच डब्यात. मी पाच-पाचचे पॅक बांधून घेतले. सीएसएसडीवाल्यानं, म्हणजे सामान निर्जंतुक करून देणाऱ्या विभागातल्या माणसानं, आधी कुरकुर केली, त्याचं बांधायचं काम वाढलं म्हणून, ते खरंही होतं. औषधाच्या ज्या खेपेची मुदत आधी संपणार ती पुढं, नवी मागं. हे पुस्तकात वाचलेलं होतंच, पण नवे खोके पुढं रचायची माझ्या माणसाची सवय मोडायला पावसाळा गेला. ऑपरेशन थिएटरातले एकदाच वापरायचे गाऊन कमी करून हिरवं केसमेंट कापड घेतलं आणि आपल्या वडगावातच शिवून घेतलं. त्यातही खोच आहेच. कापड धुवायला पाणी लागतं, आणि एप्रिलमध्ये राकसकोपची पातळी उतरली की इथं आठ-आठ दिवसांनी नळ येतो. तेव्हा सगळं धुवून वापरू म्हणणाऱ्यांना मी आधी टाकी दाखवतो.

एक गोष्ट मला आमच्या भुलीच्या मॅडमनी शिकवली. डेसफ्लुरेन नावाची भूल असते. पेशंटच्या अंगात ती फार थोडी जिरते, बाकी श्वासाबरोबर बाहेर पडून पाइपातून छतावर आणि तिथून आभाळात. हवा तापवण्यात ती कार्बन डायऑक्साइडच्या अडीच हजार पट. सेव्होफ्लुरेन ही दुसरी भूल शे-दोनशे पटीत आटपते. स्कॉटलंडनं २०२३ मध्ये डेसफ्लुरेन बंदच करून टाकली. मॅडमनी आमच्याकडे ती मागवणंच थांबवलं, वायूचा प्रवाहही कमी ठेवतात. मग मला माझी रजिस्टरं आठवली. ऑपरेशनं तेवढीच, आणि भुलीतच वापरायच्या नायट्रस ऑक्साइडचे सिलिंडर मात्र भराभर रिकामे. तो वायूही साधारण २७० पट. साबणाचं पाणी घेऊन फिटरबरोबर पाइपाचे सांधे तपासले, तर दोन ठिकाणी फुगे. किती दिवस गळत होतं देव जाणे. तू गेल्या गेल्या तुझ्या स्टोअरकीपरला सिलिंडरचा हिशेब विचार.

सगळं जमलंय असं समजू नको. विश्वस्तांच्या बैठकीत अजून पाण्याच्या छोट्या बाटल्या लागतात, आणि मीच त्या मागवतो. हातमोजे तर ताप मोजायलासुद्धा चढवतात. यावर अजून तोड सापडली नाही.

लॅबचं पाणी मात्र आता निर्जंतुक केल्याशिवाय गटारात सोडत नाही. त्या कामाच्या वेळी मला तुमचं शेत आठवत होतं. आपण दहावीत असताना बळ्ळारी नाल्याचं पाणी भातात शिरलं होतं. ओसरल्यावर आबांनी चिखलातून काहीतरी लांब ओढून काढलं, आपल्याला वाटलं साप. सलाईनची नळी निघाली. आबांनी तिनं भाऱ्याला गाठ मारली आणि घरी नेली. त्या बासमतीचा भात आपण वर्षभर खाल्ला.

गेल्या तीन महिन्यांची मागणीची यादी पाठव, खुणा करून परत देतो. गणपतीला येशील तेव्हा दवाखान्यात ये, अक्काची गाठ घालून देतो. वॉर्डातले डबे आता तिच्याच ताब्यात आहेत. सर्जनचा हात चुकीच्या डब्याकडे वळला तर “डॉक्टर, हां!” एवढंच म्हणते. ढग भरून आले की त्या बोटाला अजून ठणका लागतो, असं तिचं म्हणणं. डॉक्टर सांगतात, तसं काही नसतं. मी मध्ये बोलत नाही.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
दत्ता