घारापुरीच्या गाईडदादांना नागपूरहून जाहीर थँक्यू

नमस्कार दादा,

तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला विचारलेलं नाही म्हणून. पण वाचलं की तुम्हाला कळेलच, कारण लेण्यांच्या बेटावर येऊन "इथली डीपी (म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर) कुठे आहे" विचारणारे म्हातारे तुमच्याकडे रोज काही येत नसतील. त्यांची मुलगी मी. नागपूर, त्रिमूर्तीनगर.

आल्यापासून घरी तुमचाच विषय चालू आहे. बाबा शेजाऱ्यांना सांगून राहिले, भाजीवाल्याला सांगून राहिले, परवा तर मीटर रीडिंगवाल्या पोराला अर्धा तास उभं करून ठेवलं. फोनवर मी थँक्यू म्हणायला गेले तर तुम्ही "अहो ताई, आमचं कामच आहे ते" म्हणून विषय संपवला, म्हणून आता लिहूनच टाकते आणि सगळ्यांसमोर टाकते, म्हणजे तुम्हाला टाळता येणार नाही.

वाचणाऱ्यांसाठी आधी थोडं. बाबा एमएसईबीतून लाइनमन म्हणून रिटायर झाले. आता महावितरण म्हणतात पण आमच्या घरात अजून एमएसईबीच. सगळी नोकरी रामटेक, पारशिवनी, मौदा ह्याच पट्ट्यात. त्यांना फिरायला न्यायचं म्हणजे आधी महिनाभर भांडण, कारण त्यांचं ठरलेलं, "दगडंच पाहाचे त मुंबईले काऊन जाचं, दगडं रामटेकले नाई का?" ह्यावेळी ठाण्याच्या ताईनं परस्पर तिकीटं काढली म्हणून विदर्भ एक्स्प्रेसमध्ये बसले, ते पण तोंड पाडूनच. ट्रिप ताईनंच कुणाच्या ओळखीतून तुमच्याकडे बुक केली होती आणि दिवस काढला होता सोमवार. तुम्ही लगेच फोन करून सांगितलं की सोमवारी लेणी बंद असतात, मंगळवारी या. पैसे आलेले होते, गप्प बसला असता तरी चाललं असतं. एका ठिकाणी (नाव घेत नाही) आमच्यासोबत नेमकं असंच झालेलं आहे, बंद दारासमोर उभं करून गाईड म्हणाला बाहेरून पण छान दिसतं.

गेटवेला लाँचमध्ये बसताना आई घाबरलेली होती. डिसेंबर २०२४ मध्ये नौदलाची स्पीडबोट घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर आदळली होती, ते तिनं टीव्हीवर दिवसभर पाहिलेलं आणि ते काही डोक्यातून जात नव्हतं. तुम्ही तिला "काही होत नाही काकू" असं म्हटलं नाही हे मला फार आवडलं. लाइफ जॅकेट घेतलं, पट्टा स्वतः ओढून पाहिला, कुठे बसायचं ते दाखवलं, तासाभराचा रस्ता आहे आणि मध्ये काय काय दिसेल ते आधीच सांगून ठेवलं. मग बुचर बेटावरचे तेलाचे धक्के आले, न्हावाशेवाच्या क्रेन आल्या, लांबवर अटल सेतूची रेघ दिसली, आणि आई पाण्याकडे बघायचं सोडून त्या यादीतलं पुढचं काय येतंय हे बघत बसली. पोहोचलो तेव्हा म्हणते, इतक्यात आलं पण?

आणि मधल्या वेळात तुम्ही बाबांना सहज विचारलं, काका तुम्ही कुठल्या खात्यात होते. बस. तिथून दिवस फिरला.

तुम्ही म्हणालात, काका, मग तुमच्या खात्याचं एक काम आमच्या बेटावर आहे ते तुम्हाला दाखवल्याशिवाय सोडत नाही, पण आधी लेणी, मग ते. आणि सांगितलं की मुंबई समोर दिसते, रात्री तिचे दिवे दिसतात, पण घारापुरीला कायमची वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत, समुद्राच्या तळातून साडेसात किलोमीटर केबल टाकून. त्याआधी जनरेटर, तो पण संध्याकाळी मोजके तास. बाबांचा चेहरा मी पाहिला ना दादा. "समुद्राच्या खालून? अन् फॉल्ट आला त कोन उतरते खाली?" तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नाही, गावात एक जण आहे त्याला विचारू. म्हणजे बाबांना जे हवं होतं ते मिळणार हे कळलं, आणि मग ते लेणी पाहायला खुशीत चढले. ज्याला कंटाळलेला म्हातारा सोबत घेऊन फिरायचा अनुभव आहे त्यालाच कळेल ही किती मोठी गोष्ट आहे.

चढताना पण. वर जायला साधारण १२० पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूला दुकानं. डोली मिळते पण आई डोलीत बसणार नाही हे तुम्ही तिला न विचारताच ओळखलं, आणि दर थोड्या पायऱ्यांनी थांबून काहीतरी दाखवत राहिले, हे झाड बघा, इथून धक्का बघा, ह्या बाईकडची कैरी चांगली असते, ती माकडं बाटली हिसकावतात तेवढं सांभाळा. मला वाटलं दादा फार बोलतात. वर पोहोचल्यावर आई माझ्या कानात म्हणाली, माझा गुडघा दुखला की बरोबर तिथेच ते थांबायचे गं.

आता लेणी. मी फोटो पुष्कळ पाहिले होते, त्यामुळे आत जाऊन ते तीन तोंडांचं शिल्प पाहायचं, सेल्फी घ्यायचा, असंच डोक्यात होतं. तुम्ही आत शिरल्यावर मोबाईलचे टॉर्च बंद करायला लावले आणि खांबांमध्ये नुसतं उभं केलं. काहीच बोलले नाही. बाहेरच्या उन्हातून आल्यामुळे आधी सगळं काळं दिसत होतं, मग हळूहळू समोरच्या भिंतीतून ते तोंड पुढे यायला लागलं, आधी ओठ, मग डोळे, मग ते मुकुट, आणि मग कळलं की हे केवढं मोठं आहे, नुसतं छातीपर्यंतचं शिल्प आणि उंची माझ्यासारख्या तीन बायका एकावर एक उभ्या केल्या तरी पुरणार नाही. आईनं आपोआप हात जोडले. तिनं तुम्हाला कौतुकानं सांगितलं की आम्ही त्रिमूर्तीनगरचेच, तर तुम्ही हसून म्हणालात काकू, सगळे ह्याला त्रिमूर्ती म्हणतात पण हे ब्रह्मा विष्णू महेश नाहीत, तिन्ही शिवच, सदाशिव. आपल्या डाव्या हाताला भैरव, रागावलेला, सापासोबत. उजवीकडे कमळ घेतलेलं शांत, बाईसारखं मुख. मधलं आपल्यातच असलेलं. चौथं मागे, खडकात, दिसत नाही. हे ऐकल्यावर मी परत पाहिलं तर खरंच डावीकडच्या मिशा आणि उजवीकडचे केस, आधी हे दिसलंच कसं नाही.

आईसाठी मात्र दिवस कल्याणसुंदरच्या शिल्पापाशी होता. शिवपार्वतीचं लग्न. पार्वतीची मान खाली, मागे तिचे वडील तिला पुढे आणतायत, आणि ब्रह्मदेव भटजी होऊन खाली बसलेले. तुम्ही सांगत होते आणि आई मध्येच म्हणाली, मान खाली आहे पण चेहरा पाहा, मनासारखं झालंय हिच्या. शिवाचे हात तुटलेले, पाय तुटलेले, आणि तरी पार्वतीचं ते लाजणं कसं राहून गेलं काय माहीत. तुम्ही म्हणालात, काकू, हे मी आता पुढच्या लोकांना सांगणार. सांगता का हो खरंच? आई विचारून राहिली.

मोडतोडीचं तुम्ही जे सांगितलं ते पण मला इथे लिहायचं आहे कारण बहुतेक ठिकाणी एक वाक्य फेकून मोकळे होतात, पोर्तुगीजांनी फोडलं. तुम्ही म्हणालात, त्यांच्या सैनिकांनी नेमबाजी केली असं सांगतात, नुकसान केलं असेलच, पण सगळं त्यांच्या नावावर टाकणं सोपं आहे, डोंगरातून झिरपणारं पाणी पण शेकडो वर्षं काम करतंच आहे. आणि खरं दुःख वेगळंच सांगितलं, की इथे एक शिलालेख होता, पोर्तुगीजांनी तो काढून आपल्या राजाकडे पाठवला, तिथे कोणाला वाचता आला नाही, आणि मग तो हरवला. म्हणून लेणं कोणी कोरलं ह्याचं लेखी काही हातात नाही. बेटावर कलचुरी राजा कृष्णराजाची नाणी सापडली, शैली सहाव्या शतकातली, त्यावरून अभ्यासक अंदाज करतात. पांडवांनी एका रात्रीत केलं हे पण लोक सांगतात, ते पण तुम्ही सांगितलं, पण गोष्ट म्हणून. काय माहिती आहे आणि काय अंदाज आहे हे असं वेगळं करून सांगणारा माणूस मला तरी फार कमी भेटलाय, आणि मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते, म्हणजे समजून घ्या.

बाबा इतका वेळ खांब मोजत होते असं मला वाटलं. तर त्यांनी विचारलं, छताचं वजन कसं काढलं असेल? तुम्ही सांगितलं, काका, इथे खांब उभे केलेच नाहीत, डोंगर काढून टाकला आणि खांब शिल्लक ठेवले. फक्त काही मोडलेले नंतर पुरातत्त्व खात्यानं पुन्हा बसवलेत. झालं, बाबा नवे कोणते ते ओळखत फिरायला लागले! मग तुम्ही म्हणालात की हे काम झालं ते वाकाटकांचं राज्य ओसरल्यानंतरच्या काळात, आणि वाकाटक म्हणजे तुमच्याकडचेच की, मनसर, नगरधन. तिथे बाबा एकदम मास्तर झाले. मनसरच्या हिडिंबा टेकडीखालून किती वर्षं लाइन चेक करत फिरले होते ते, १९९८ नंतर तिथे खोदकाम सुरू झालं आणि विटांचं केवढं मोठं बांधकाम निघालं, वाकाटक राजा दुसऱ्या प्रवरसेनाची राजधानी तिथे असावी म्हणतात, हे सगळं त्यांनी तुम्हाला सांगितलं, विटेची लांबी हातानं दाखवून. मी त्यांची मुलगी, मला हे कधी सांगितलं नव्हतं. आणि तुम्ही मध्ये न बोलता पूर्ण ऐकलं, मागे दुसरे लोक ताटकळत होते तरी. वर म्हणालात की आमच्या दुसऱ्या टेकडीवर पण विटांचा जुना स्तूप आहे, म्हणजे काका, आपलं विटेचं नातं निघालं.

माझ्या पोराला ह्या कशात रस नव्हता, त्याला हत्ती हवा होता, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी एलिफंटा नाव ठेवलं तो दगडी हत्ती. तो इथे नाही कळल्यावर तो रडकुंडीला आला, तर तुम्ही त्याला गोष्टच सांगितली, इंग्रजांनी १८६४ साली हत्ती विलायतेला न्यायचा घाट घातला, उचलताना तो पडला, तुकडे झाले, मग ते तुकडे मुंबईतच राहिले आणि पुढे जोडून भायखळ्याच्या राणीच्या बागेत उभा केला. नंतर गेलो ना आम्ही. सांधे शोधत तो किती वेळ फिरला त्या हत्तीभोवती.

आणि मग शेतबंदर. इतर ग्रुप खाली उतरून टॉय ट्रेन धरत होते आणि तुम्ही आम्हाला गावात नेलं, तुमच्या नात्यातल्या त्या मावशींकडे. तांदळाची भाकरी, बोंबील, आईसाठी वेगळं वरणभात. आम्ही सावजी खाणारी माणसं, आमचा मासा म्हणजे नदीतला रोहू, त्यामुळे बोंबील तोंडात विरघळतो हे आम्हाला बातमीच होती. तिखट मात्र आमच्याएवढं नव्हतं, हे बाबांनी मावशींना सांगायला नको होतं पण सांगितलं. मावशींनी मनावर घेतलं नाही, उलट वीज आली तेव्हाचं सांगत बसल्या, की आधी जनरेटर बंद व्हायच्या आत जेवणं, अभ्यास, मोबाईल चार्जिंग सगळं उरकायची घाई, आणि नंतर पहिले काही दिवस लोक उगीच दिवा लावून बसायचे. बाबा हातातली भाकरी तशीच धरून ऐकत होते.

मग तुमचा तो गाववाला आला आणि तिघं डीपी पाहायला गेलात. तिथे काय बोलणं झालं ते मला अर्धं कळलं नाही, जॉइंट, इन्सुलेशन, खाऱ्या हवेनं गंज, अर्थिंग. पण चाळीस पावलांवरून दिसत होतं की माझे बाबा, जे रिटायर झाल्यापासून टीव्हीसमोर बसलेले असतात, ते हात वर करून काहीतरी समजावतायत आणि दोन माणसं मान हलवतायत. दादा, लेणी आम्ही पुस्तकात वाचूनही समजून घेतली असती. हे कुठून आणलं असतं? थँक्यू मुख्य ह्याचं आहे.

परतीची लाँच तुम्ही आमच्यासाठी दोनदा सोडली, हे मी नंतर वेळापत्रक पाहिलं तेव्हा लक्षात आलं. तुमचा तेवढा दिवस गेला, दुसरा ग्रुप गेला असेल. तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत.

आता तुम्ही नागपूरला यायचं. मनसरला बाबा नेतील, रामटेकचा गड, खिंडसी, सगळं त्यांच्या हद्दीतलं आहे. येताना मावशींना पण आणा, सैपाकाला आई आहे, तिखट कमी करू. फक्त मे महिन्यात येऊ नका बाप्पा, दिवाळीनंतर या, म्हणजे संत्री पण मिळतील.

आणि हो, बाबांनी एवढं विचारायला सांगितलं आहे की डीपीच्या कुंपणावर ती वेल चढली होती ती काढली का. पावसाच्या आधी काढून घ्या म्हणे, पण स्वतः हात लावू नका, लाइनमनलाच बोलवा.

तुमची,
नागपूरची ताई, आई, बाबा आणि हत्तीवाला