अंबाबाईच्या हातातले महाळुंग परसातही हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्र जवळ आले की अंबाबाईच्या रूपाविषयी भरभरून लिहिले जाते. पण देवीच्या उजवीकडच्या खालच्या हातात जे महाळुंग आहे, ते फळ आज कोल्हापुरातील फार थोड्या घरांत येते, याची खंत वाटते. बाजारात विचारले तर पुष्कळदा पपनस पुढे केले जाते. दोन्ही फळे मोठी आणि लिंबाच्याच कुळातली, परंतु पपनसाची साल टाकून आतल्या फोडी खातात, तर महाळुंगात रस बेताचाच असतो आणि खरे खाणे असते ते सालीखालच्या जाड पांढऱ्या गराचे, जो पपनसाच्या सालीइतका कडवट नसतो.

या गराचा मोरंबा उत्तम होतो. वरची पिवळी साल पातळ सोलून घ्यावी, गराच्या बोटाएवढ्या फोडी मऊ आणि किंचित पारदर्शक होईपर्यंत पाण्यात शिजवाव्यात, ते पाणी काढून टाकावे आणि फोडी गुळाच्या पाकात मुरू द्याव्यात. आपल्या जिल्ह्यासारखा गूळ हाताशी असताना साखर कशाला हवी? आतल्या आंबट भागाचे आले-सैंधव घालून लोणचे किंवा सरबत करता येते. सोललेली सालही वाया जात नाही; ती सावलीत वाळवून कपाटात ठेवली की कपड्यांना मंद सुगंध येतो. कपड्यांत हे फळ ठेवल्यास कसर लागत नाही, अशी नोंद थिओफ्रास्टस या ग्रीक विद्वानाने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमारास करून ठेवली आहे.

चरकसंहितेने महाळुंगाचे केसर, म्हणजे आतला आंबट भाग, पचायला हलका आणि उरलेले भाग जड मानले असून अरुची, मंदाग्नी, उचकी, उलटी आणि खोकला यांत त्या केसराचा उपयोग सांगितला आहे. ताज्या रसातून क जीवनसत्त्व मिळते, पांढऱ्या गरात पेक्टिन हा विरघळणारा तंतू असतो. मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हे फळ मधुमेह आणि मुतखडा मुळापासून घालवते, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, त्यावर विसंबून कोणीही औषधे बंद करू नयेत. मोरंबा शिजवताना क जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते आणि गूळही शेवटी गोडच, तेव्हा मधुमेहींनी तो औषध समजून खाऊ नये. गणेशोत्सवात घरी येणाऱ्या पपनसाबाबतही एक सांगणे आवश्यक वाटते: कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांचे रक्तातील प्रमाण या फळामुळे वाढू शकते, म्हणून अशा रुग्णांनी डॉक्टरांना विचारूनच ते खावे.

शहरातील रोपवाटिकांनी महाळुंगाची रोपे आवर्जून तयार करावीत, अशी विनंती आहे. फांदीच्या छाटाला मुळे सहज फुटतात, झाड फार उंच होत नाही आणि आपल्याकडची थंडी त्याला बाधत नाही. पंचगंगेकाठच्या पाणी धरून ठेवणाऱ्या काळ्या जमिनीत मात्र मुळे कुजतात, म्हणून रोप उंचवट्यावर लावावे आणि फांद्यांना काटे असल्याने ते येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर ठेवावे.

आपला विश्वासू,
एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर